सारवलेल्या पडवीतली निळी गाडी

१

वीस मार्चला उजाडता उजाडता श्रीपतची निळी गाडी निघायची होती. ती निघाली नाही.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या वाटेवर ती बौद्धवाडी. सावित्रीवरून धुकं वर सरकत आलं होतं आणि अंगणात पांढरी लुगडी नेसून उभ्या असलेल्या बायांमध्ये कोण कुठली हे ओळखू येत नव्हतं. आनंदीबाईंना वाटलं, आपण अजून अंथरुणातच आहोत आणि हे सगळं स्वप्नात चाललंय. तसं त्यांना बरेचदा वाटायचं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तालुक्यातल्या शाळांत मुलं शिकवली, तरी "बाई उघड्या डोळ्यांनी झोपतात" हा वाडीतला शिक्का काही पुसला गेला नाही. पण कुणाची पेन्सिल कुणाच्या दप्तरात गेली, हे त्या अशाच खिडकीबाहेर बघत बघत शोधून काढायच्या. पोरं म्हणायची, बाईंना भूत येऊन सांगतं. भूतबित काही नाही हो! बाई नुसत्या बघायच्या.

पडवीत श्रीपत हँडल मारून मारून घामाघूम झाला होता. इंजिन उघडंच होतं. बॉनेटचा शेवटचा रंग वाळायचा म्हणून ते भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

"काल दुपारी तर वाघासारखी गुरगुरत होती रे!" काठी टेकत आलेला शेजारचा कुशाबा म्हणाला.

"काल गुरगुरली, आज मुकी झाली. बघताय ना डोळ्यांनी?" श्रीपत खेकसला. मग त्यानं इंजिनात डोकं घालून डेल्कोचं झाकण काढलं. डेल्को म्हणजे इंजिनाला ठिणगी वाटून देणारा वाटीएवढा डबा. त्याच्या पोटात अंगठ्याएवढा काळा तुकडा फिरतो, त्याला रोटर म्हणतात. तो नसला तर गाडी म्हणजे रंगवलेला पत्रा, दुसरं काय!

श्रीपतनं झाकण उलटं करून बघितलं, मग पुन्हा डब्यात बघितलं.

"रोटर नाय," तो म्हणाला. "कोणी तरी काढून नेलाय."

२

ही गाडी म्हणजे वर्षभराचं वेड होतं. मुंबईतलं गॅरेज बंद पडलं तेव्हा श्रीपत गावी आला, आणि घाटातल्या एका कंत्राटदारानं टाकून दिलेली जुनी पिकअप बैलांकडून ओढवून घरी घेऊन आला. मागच्या हौद्यात रानवेल वाढलेली, सीटमध्ये कोंबडी अंडी घालायची. वाडी पोट धरून हसली. श्रीपतनं पडवीचा कूड मोडून गाडी आत घेतली आणि कामाला लागला. गंज खरवडला, पत्रा ठोकून सरळ केला, इंजिनाचा खिळा न् खिळा सुटा करून रॉकेलमध्ये धुतला. दुपारी कौलांच्या फटीतून उन्हाचे कवडसे त्या उघड्या सांगाड्यावर पडायचे तेव्हा आनंदीबाई मुद्दाम येऊन बसायच्या. तिथं बसलं की वेळ कुठं जायचा ते कळायचं नाही.

शेजारी पाटावर श्रीपतची आई, काशीबाई. गुडघे गेलेले, दोन वर्षं एस.टी.ची पायरी चढली नव्हती. पण पाने-पकडी हातात द्यायला ती बसलेली असायची. तिला अक्षर येत नव्हतं, तरी "आये, बाराचा दे" म्हटलं की बाराचाच पाना मिळायचा. उजव्या हाताची तर्जनी कोयत्यानं तुटता तुटता वाचली तेव्हापासून वाकत नव्हती. त्यामुळे पाना देताना ते बोट वर राहायचं आणि श्रीपत चेष्टा करायचा, "आये, हजेरी लावतेस का गो?"

म्हातारीचं एकच मागणं होतं. लहानपणी ती बापाच्या खांद्यावर बसून महाडला गेली होती, चवदार तळ्यावर, त्या पहिल्या वीस मार्चला. बापानं ओंजळीनं पाणी पाजलं होतं. "यकडाव आणिक पाणी पेयाचं रं त्या तळ्याचं, मंग सुटले मी," असं ती वर्षभर घोकत होती. श्रीपतनं शब्द दिला होता, या वीस मार्चला गाडीतून नेईन. आणि तिथूनच गाडी पुढं मुंबईला जाणार होती. भायखळ्याच्या बाजारात भाजी वाहायचं काम ठरलं होतं. खोली मिळाली की बायकोला न्यायचं होतं. त्याचं गाठोडं हौद्यात चढवून झालं होतं.

आणि आता रोटर नाही. महाडातली दुकानं उघडून, माणूस जाऊन, तो घेऊन येईपर्यंत दुपार टळली असती.

"खिसे बघ आधी," आनंदीबाई म्हणाल्या. "मुंबईत तुमचा उस्ताद रात्री रोटर काढून खिशात घालायचा ना, गाडी चोरीला जाऊ नये म्हणून? तूच सांगितलंयस पन्नासदा."

"बघितले, बाई. उशीखाली बी बघितलं. म्या नाय काढला." श्रीपतनं खिसे उलटे करून दाखवले. "बाई, तुमी पेन्सिली शोधता. ह्यो शोधा. आयला काय तोंड दाखवू मी?"

३

तेवढ्यात धुक्यातून हॉर्न वाजला आणि भाड्यानं माणसं वाहणाऱ्या चांगूची जीप अंगणाशी येऊन थांबली. आत माणसं नुसती कोंबलेली, दोघं मागं लोंबकळत होती.

"काय रे, बसली का महाराणी?" चांगू ओरडला.

श्रीपत त्याच्या अंगावर धावूनच जायचा. आनंदीबाई मध्ये पडल्या. कारण महिनाभर हाच चांगू बाजारात सांगत होता, की श्रीपत फुकट माणसं न्यायला लागला तर मी काय टाळ कुटत बसू?

"चांगू, काल संध्याकाळी विहारात सगळी वाडी बैठकीला होती. तू नव्हतास."

"मी बिरवाडीला होतो, बाई, टायर पंक्चर! इचारा कुणाला बी." मग त्याला एकदम उलगडलं. "म्हंजी मी अडवली ह्याची गाडी? आवो, ही धोंड आज मुंबईला जातीया म्हंजी माझी पीडा जातीया! मी तर ढकलत नेईन तिला. परत येताना म्हातारीला माझ्याच जीपनं आणायचं ठरलंय, ह्यालाच इचारा."

त्यात तथ्य होतं. आनंदीबाईंनी मान डोलावली. चांगू गुरकावत निघून गेला. जीप भरलेली होती आणि दुसऱ्या वाड्यांना त्यानं शब्द दिला होता.

मग गाडी जाण्यानं नुकसान कुणाचं? बाईंची नजर कुशाबाकडं गेली. कुशाबाचा बांबू तोडून डोंगराखाली पडला होता, न्यायला वाहन नव्हतं. गाडी गावातच ठेव म्हणून तो श्रीपतच्या मागं हात धुऊन लागला होता.

"कुशाबाभाऊ, काल दिवेलागणीला तुम्ही इथं घुटमळत होतात म्हणे."

"व्हतो की," कुशाबा भाबडेपणानं म्हणाला. "पडवीच्या तोंडाशी उभा राह्यलो. मैनीनं सारवलं व्हतं, वलं व्हतं. पाय टाकला असता तर तिनं काठी काढून घेतली असती माझी. तितनंच गाडीला रामराम... आपला, जयभीम केला न् बैठकीला गेलो."

बायका हसल्या. श्रीपतची बायको मैना मात्र हसली नाही. ती चुलीशी जाऊन बसली होती. आनंदीबाई तिच्यापाशी टेकल्या.

"मी नाय घेतला, बाई," विचारायच्या आधीच मैना म्हणाली. "तुमाला वाटंल, हिला सवत झालीय ती गाडी. झालीच हाय! वर्सभर तिच्या अंगाखांद्याला हात, माझ्याकडं बघाया येळ नाय. पण म्या त्या सवतीची सारवणात नटवून पाठवणी केली. तेलाचे डाग समदे झाकले. कशापायी? ह्यांच्या जीवाला बरं वाटावं म्हणून." पदरानं डोळे पुसून तिनं आतल्या दाराकडं बघितलं. "आत्याबाय, च्या गार झाला की. मिश्री लावायची व्हती ना आधी?"

"नको गो," आतून काशीबाईचा आवाज आला. "आज तोंडाला चवच नाय."

४

काशीबाई माजघराच्या उंबऱ्याला टेकून बसली होती. अंगावर कालचं हिरवं लुगडं, केस विंचरलेले नाहीत. आनंदीबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. वर्षभर वाट बघायची आणि ऐन दिवशी असं व्हायचं!

"मावशी, मिळेल हो रोटर. मी आहे ना."

"मिळंल तवा मिळंल." म्हातारी बाहेर बघत होती. धुक्यात गाडीचा निळा रंग कधी दिसायचा, कधी पुसला जायचा. "आनंदी, धुकं बघ गो कसं हाय. दासगावच्या बंदरात बी असंच व्हतं. लाँच दिसलीच नाय मला. भोंगा तेवढा ऐकला."

"कधीची गोष्ट, मावशी?"

"श्रीपतचा बा मुंबईला गेला तवाची. श्रीपत पोटात. गाठोडं मीच बांधून दिलं. भाकरी, चटणी, नवा पंचा. म्हणला, चार म्हैन्यांनी येतो." ती थांबली. "गोदीत काय पडलं अंगावर, कोण जाणं. गाठोडंच परत आलं. त्यातला पंचा घडी मोडलेला बी नव्हता."

आनंदीबाईंनी तिचा हात हातात घेतला. बाहेर बाया बोलत होत्या, कोंबडा आरवत होता, सगळं लांबून कुठून तरी आल्यासारखं वाटत होतं. बाईंची नजर सवयीनं जमिनीवर उतरली आणि सारवणावरून हिंडू लागली. मैनेचा हात काय सुरेख होता! अर्ध्या चंद्रासारखे मोठे फटकारे, एकाशेजारी एक, पार अंगणापर्यंत.

आणि मग त्यांना ते दिसलं. इंजिनापासून निघालेला, हातभर रुंदीचा एक पट्टा. रंगानं जरा गडद. फटकारे आखूड आणि उलट्या अंगाला वळलेले.

बाई झटकन उठल्या. "ट्रंकेतून पांढरं लुगडं काढलं का, मावशी?"

म्हातारीनं हात पदराखाली घेतला.

५

आनंदीबाईंनी सगळ्यांना कुशाबाच्या अंगणात चहाला पिटाळलं. पडवीत राहिले श्रीपत, मैना आणि त्या.

"मैना, काल सारवायला सुरुवात कुठून केलीस?"

"माजघराच्या दारापासनं. मागं मागं सरकत अंगणात निघाले."

"म्हणजे तुझं सारवण अंगणात संपलं."

"मंग? आत संपवून बाहेर काय उडत येऊ?"

"मग हे बघ. हे इंजिनापाशी सुरू झालंय आणि आतल्या दाराशी संपलंय." बाईंनी पट्टा दाखवला. "काल संध्याकाळी सारवण ओलं असताना कोणी तरी गाडीपाशी आलं. डेल्कोच्या झाकणाला दोन चाप, हातानं निघतात. पाना लागत नाही. रोटर उपसला, झाकण पुन्हा जागच्या जागी बसवलं. वायरी तोडल्या नाहीत, काही फोडलं नाही. ज्याला गाडीचा राग आहे तो असा वागेल?"

"नाय," श्रीपत पुटपुटला.

"पण पायाखालचं सारवण मोडलं. चांगू असता तर टायरच्या चपलांचे ठसे उमटवून चालता झाला असता. कुशाबाभाऊंच्या काठीनं भोकं पडली असती. मोडलेलं बुजवत बसणं त्यांना सुचलंही नसतं. हा चोर मात्र खाली बसला, पाण्याचा हात घेतला आणि मोडलेलं सारखं करत करत, बसूनच मागं सरकत घरात गेला. ठसे लपवायला नव्हे. लपवायचं असतं तर बोटांच्या रेघा कशाला ठेवल्या असत्या? मोडलेलं सारवण तसंच टाकून जाणं त्या हाताला जमलं नाही, एवढंच."

श्रीपतनं सावकाश मैनेकडं बघितलं.

"माज्याकडं काय बघताव!" मैना कडाडली. "मी तुमच्याच शेजारी बसले व्हते बैठकीत!"

"तुझ्याच हाताशी ताडून बघू," बाई म्हणाल्या. "ठेव हात तुझ्या फटकाऱ्यावर."

मैनेनं हात धरला. तिच्या प्रत्येक फटकाऱ्यात चार बोटांच्या चार रेघा होत्या. मग तिनं तोच हात त्या गडद पट्ट्यावर धरला. तिथं रेघा तीनच. पहिल्या बोटाची जागा कोरी होती, सगळीकडं, अगदी आतल्या दारापर्यंत.

मैनेनं हात मागं घेतला आणि तोंडावर ठेवला.

"नाय बाई," श्रीपत म्हणाला. "आय कशी घेईल? समदं तिच्यासाठी तर चाललंय! तिनंच माझ्या हातात पाना न् पाना दिलाय!"

"म्हणूनच तिला ठाऊक होतं काय काढलं की गाडी थांबते. आणि गुडघ्यांमुळे काल बैठकीला न येता ती घरातच होती. तिच्यासाठी चाललंय खरं, पण कुठपर्यंत?"

"महाडापतुर."

"आणि तिथून?"

श्रीपतनं हौद्यातल्या गाठोड्याकडं बघितलं. ते मैनेनं बांधायला घेतलं होतं, पण गाठ म्हातारीनं मारली होती.

"तिनं आज मिश्री लावली नाही," आनंदीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आणि लुगडं काल रात्रीच ट्रंकेतून काढायला हवं होतं, ते काढलं नाही. गाडी सुरू होणार नाही, हे तिला आधीच माहीत होतं. ज्या पाण्यासाठी वर्षभर जीव टाकला, ते सोडलं रे तिनं. तुझा बाप दासगावहून गेला तेव्हा असंच धुकं होतं म्हणे."

श्रीपत आधी रागानं लाल झाला. वर्षभर राबलो ते यासाठी का, असं काहीसं बोलायला त्यानं तोंडही उघडलं. मग इंजिनाच्या कडेला हात टेकून त्यानं खालच्या त्या तीन रेघांकडं बघितलं. चहा पिऊन माणसं परत यायला लागली होती.

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. इंजिनात डोकं घातलं आणि रोजच्यासारखा, न बघताच एक हात मागं पसरला.

"आये," त्यानं हाक मारली, "रोटर दे गो."

आत काही तरी खळकन वाजलं. भिंत धरत धरत काशीबाई बाहेर आली. कनवटीची मिश्रीची डबी काढून तिनं झाकण उघडलं आणि तो काळा तुकडा लेकाच्या तळहातावर ठेवला. वाकत नसलेलं बोट तेवढं वर राहिलं. अंगणातल्या लोकांना एवढंच दिसलं, की म्हातारीनं नेहमीसारखं काहीतरी हातात दिलं.

"मैने," ती म्हणाली, "तुजं सारवण मोडलं गो. वाळलं नव्हतं."

मैनेला हुंदका आवरेना. "राहू द्या वो आत्याबाय. चला, लुगडं नेसवते."

६

महाडात पाय ठेवायला जागा नव्हती. निळे झेंडे, पांढरे कपडे, आणि त्या सगळ्या गर्दीतून श्रीपत आईला पाठुंगळीला घेऊन तळ्याच्या पायऱ्या उतरला. त्यानं ओंजळ भरली. म्हातारी डोळे मिटून पाणी प्याली. अर्धं हनुवटीवरून ओघळलं. "तसंच हाय," ती म्हणाली. "बाच्या हातचं व्हतं तसंच." आनंदीबाईंना त्या दुपारचं बाकी फारसं आठवत नाही. ऊन पाण्यावर हलत होतं आणि त्यांनाही पुन्हा स्वप्नात असल्यासारखं वाटत होतं, एवढंच.

कलत्या उन्हात सगळे हायवेवर आले. एक तोंड मुंबईकडं, दुसरं पोलादपूरकडं. ठरल्याप्रमाणे चांगू जीप घेऊन हजर होता.

"चल म्हातारे, बस. लेकाला निरोप दे."

काशीबाईनं मुकाट्यानं डबी चाचपली. गर्दीत गाडी उभी करताना श्रीपतनं उस्तादासारखाच रोटर काढून तिच्याकडं सांभाळायला दिला होता. तो तिनं पुढं केला. ह्या वेळी तिनं हात मागं घेतला नाही.

"जा रं बाबा," ती म्हणाली. "जेवत जा येळंवर."

श्रीपतनं रोटर बसवला. बॉनेट आपटून बंद केलं. मग आईला उचललं आणि तिला जीपमध्ये न ठेवता आपल्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसवलं.

"चांगू, तिची जागा दुसऱ्या कुणाला दे," तो म्हणाला. "कुशाबातात्या, बांबू किती हाय तुमचा?"

"लई हाय रं!" हौद्यातून कुशाबा ओरडला. "डोंगर हाय नुसता!"

"आन् भायखळा?" मैनेनं विचारलं.

"माल वाहायचा तो हितला वाहीन. माल काय मुंबईतच असतो?" गाडीचं तोंड पोलादपूरकडं वळवत श्रीपत म्हणाला. चांगूनं मागून लांबलचक शिवी दिली. दासगावच्या बाजूला खाडीवर संध्याकाळ उतरत होती, आणि पाठीमागं जाणाऱ्या त्या उजेडाकडं काशीबाई मान वळवून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदीबाई दूध घ्यायला बाहेर पडल्या तेव्हा श्रीपत बॉनेट उघडून उभा होता. उंबऱ्यात काशीबाई मिश्री लावत बसली होती. मिश्री एका पानाच्या तुकड्यावर काढून घेतली होती. तिनं सावकाश दात घासले, चूळ भरली, मग डबी उघडून रोटर लेकाच्या हातावर ठेवला. गाडी गुरगुरली. कुशाबाचा बांबू न्यायला ती अंगणातून बाहेर पडता पडता म्हातारीनं पाठीमागून हाक मारली.

"श्रीपत! सांजच्याला येताना मिश्रीला दुसरी डबी आण रं!"